केळझरीचे ऐंशी दिवस

पुणे,
३ जून २०२५

तात्या,

नमस्कार. आधीच सांगते, घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनच करणार होते, पण दिवाळीत मी फोनवर "तब्येत कशी आहे" विचारलं तर तुम्ही "साडेनऊची एसटी सुटली बघ" म्हणालात. तुमचा प्रविणदादा मध्ये बसून तुमच्या कानात ओरडायला तयार आहे, पण मला जे विचारायचंय ते त्याच्यामार्फत नको. म्हणून पत्र.

आई सगळ्यांना सांगते, धनू लाईटचं शिकते. तसं बरोबरच आहे. मी कॉम्प्युटरवर सगळ्या राज्याची वीज मांडते. दिवसा ऊन असतं, सौर वीज भरपूर. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, मिक्सर, टीव्ही सुरू होतात आणि ऊन गेलेलं असतं. त्या दोन-तीन तासांत धरणाचं पाणी सोडून वीज करता येईल का, हा माझा प्रबंध. त्यासाठी कोणत्या धरणात कोणत्या दिवशी किती पाणी होतं ते लागतं. नुसता आकडा चालत नाही. तो कुणी, कुठून, कसा घेतला तेही दाखवावं लागतं.

वीजघर असलेली छत्तीस धरणं घेतली. पस्तीस जमली. अडलं ते आपल्या केळझरीवर. एवढंसं दीड मेगावॅटचं वीजघर, पण तीन याद्यांत तीन साठे. पहिली यादी म्हणते आकडा दुसरीतून घेतला, दुसरी म्हणते तिसरीतून, आणि तिसरी म्हणते पहिलीतून. दोन महिने मी या तिघींच्या मागे गोल फिरले. शेवटी एका संस्थेनं जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढून ठेवलेले सापडले. पान उघडलं तर पाचाची शेपटी खालच्या ओळीत लोंबलेली. असा पाच जगात एकच माणूस काढतो. माझ्या शाळेच्या अर्जावर पण तोच आहे. सगळ्या याद्यांचं मूळ तुम्ही निघालात, तात्या.

आता अडचण. ३० जून २०१६ ला पातळी ५५९.७५ मीटर. १ जुलैला ५५६.७०. एका रात्रीत तीन मीटर पाणी गेलं कुठं? आणि त्याच्या आधी ऐंशी दिवस पाणी रोज बरोबर दोन सेंटीमीटरनं उतरलंय. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. १२ एप्रिलपासून.

तारीख मला दिसली. बाबा ११ एप्रिलला त्याच धरणात बुडून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी ती वहीत उतरवली, खाली रेघ मारली आणि चहा प्यायला गेले. काहीच वाटलं नाही. हे तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

सुतकातही तुम्ही पाणी मोजायला जात होता का? कळवा.

धनश्री


नेकनूर,
१२ जून २०२५, सकाळ ८.००
आभाळ भरलेलं, पाऊस निरंक.

धनू पोरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमन म्हणला, तात्या, ह्या जमान्यात तुमाला पत्र कावून येतंय? मी म्हणलं, माझी पुतणी शास्त्रज्ञ हाय, तिला मोबाईलचा कटाळा आलाय. लई मान वर करून गेला मी घरात.

तीस वर्षं त्या वह्या लिवल्या, पण त्या कोण वाचीत असंल असं मला कवाच वाटलं न्हाई. रद्दीत गेल्या असतील म्हणलं. तू तर पाचाच्या शेपटीपतुर गेलीस. हुशार हायस, पण लई बारीक बघतीस, डोळे जातील.

तर तुझ्या प्रश्नाचं. १ जुलैला नवी पट्टी बसवली. भिंतीवर पाण्याची पातळी वाचायची लोखंडी पट्टी असती, ती जुनी झालती. नवी बसवणाऱ्यानं आकडे खाली-वर केले. पाणी कुठं गेलं न्हाई, पट्टी बदलली. एवढंच.

सुतकाचं म्हणशील तर सरकारी काम हाय ते. पाण्याला सुतक नसतंय.

दोन सेंटीमीटरचं म्हणतीस, तर उन्हाळ्यात पाणी तसंच उतरतंय. त्याच्यात एवढं काय न्हाई.

प्रविणच्या पोरीचा दात पडला. तुझी आई बरी हाय, मागल्या बाजारी दिसली व्हती लांबून. जेवत जा येळेवर.

तुझा तात्या


पुणे,
२४ जून २०२५

तात्या,

तुमच्या चार ओळींनी माझं वर्ष वाचलं. पट्टी बदलली हे कुठल्याच यादीत नाही. मी १ जुलै २०१६ नंतरच्या सगळ्या वाचनांत ३.०५ मीटर मिळवले. गेल्या नऊ वर्षांचं केळझरीचं पाणी एका दुपारीत वाढलं. तळटीप अशी दिली: "पातळीपट्टी बदलल्यामुळे दुरुस्ती. माहिती: परमेश्वर बंकट डोईफोडे, निवृत्त मोजणीदार." तुमचं नाव छापून येणार, आता पोस्टमनला काय सांगाल?

प्रबंधातलं दुष्काळाचं प्रकरण तर एकदम उभं राहिलं. २०१६ च्या उन्हाळ्यातसुद्धा केळझरीत रोज संध्याकाळी दोन तास वीज निघेल एवढं पाणी दिसतंय. माझ्या सरांना ते फार आवडलं. २० ऑगस्टला खात्याची बैठक आहे, त्यात ते मांडायचं. उन्हाळ्यात कालव्याला पाण्याची एक पाळी कमी सोडायची आणि ते पाणी संध्याकाळच्या विजेसाठी राखायचं, अशी शिफारस माझ्या नावानं जाईल. खालच्या गावांना थोडी ओढ बसेल, पण तीन मीटर जास्तीचं पाणी आहे म्हटल्यावर चालेल.

मे महिन्यात घरी चार दिवस होते. आई तशीच आहे. ज्वारी निवडते, ताट वाढते, विचारलं तेवढंच बोलते. दावणीचे खुंटे तिनं म्हशी विकल्या त्याच वर्षी उपटलेत, तिथं अजून खड्डे आहेत. निघताना एकदाच आपणहून बोलली. म्हणाली, "मीच म्हणलं व्हतं त्यांना, म्हशी धुऊन आणा, लई घाण झाल्यात. राहिल्या असत्या तशाच तर काय झालं असतं?" मी म्हटलं, आई, असं नसतं गं. पण मला तरी कुठं माहीत कसं असतं. तिनं सांगितलं, ते धरणावर गेले, म्हशीमागं गाळात उतरले. मग मी एसटीत बसले आणि बीडपर्यंत झोपले.

तुमची धनू


पुणे,
२१ जुलै २०२५

तात्या,

महिना झाला, उत्तर नाही. प्रविणदादा म्हणतो तब्येत बरी आहे, नुसते बसून असतात. माझं काही चुकलं का?

सोबत एक कागद पाठवते. पट्टी बदलल्याची माहिती तुम्ही दिली आणि ती खरी आहे, एवढंच त्यावर आहे. तोंडी माहितीला सही लागते. खाली सही करून परत पाठवा. बैठकीच्या आधी मिळायला हवा.

धनश्री


नेकनूर,
२७ जुलै २०२५, सकाळ ८.००
आभाळ उघडं. पाऊस निरंक.

धनू,

कागद आला. सही करत न्हाई. कोरा परत पाठवलाय.

पट्टी बदलली न्हवती. मी खोटं लिवलं. मला वाटलं, चार ओळीत भागंल, पोरगी गप बसंल. तू त्याच्यावर नऊ वर्षांचं पाणी चढवलंस. त्या धरणात तेवढं पाणी न्हाई, धनू. उन्हाळ्याची पाळी तोडली तर खालची माणसं हंडे घेऊन फिरतील, आन् खाली तुझं नाव असंल. ते मला बघवणार न्हाई. म्हणून लिवतो.

१० एप्रिलला मी लिंबागणेशला सोयऱ्याच्या लग्नाला गेलतो. रात्री तिथंच ऱ्हायलो. रजा टाकली न्हवती. त्या साली आमा रोजंदारीवाल्यांची कायम करायची यादी निघणार व्हती, एक खाडा दिसला तरी नाव मागं जायचं. जाताना तुझ्या बापाला, उत्तरेश्वरला म्हणलं, सकाळी आठला तू पट्टी बघ आन् मला फोनवर सांग, मी तिथनंच हापिसला कळवतो. आमी आधी बी दोन-चार बारी असं केलतं. म्हशी तो संगं घेऊन गेला. तुझ्या आईनं म्हणलं नसतं तरी तो त्या दिशी धरणावर जाणारच व्हता. हे नीट वाच. म्हशींसाठी न्हाई, माझ्या आकड्यासाठी.

म्हशी बसतात तिथं मुरूम हाय, गुडघाभर पाणी. पट्टी तिथनं सव्वाशे पावलं लांब. पाणी वर असलं की भिंतीवरनं वाचता येती. त्या साली पार तळाची पट्टी उघडी पडलती, ती वाचायला गाळात उतरावं लागायचं. मी गाळात दगड टाकून ठेवलते, एकेका दगडावर पाय देऊन जायचो. वरनं गाळाची साय यायची, दगड दिसायचे न्हाईत. मला ठावं व्हते. त्याला सांगायचं मी इसरलो. आधी तो गेलता तवा पाणी वर व्हतं, दगडांचं कामच पडलं न्हवतं.

आठला त्याचा फोन आला. पाचशे एकसष्ट पॉइंट पस्तीस. मी हापिसला कळवलं. दहाला फोन आला तो राधाकिशनचा, आपल्या शेजारचा. उत्तरेश्वर परतताना गाळात रुतला, त्याला पट्टीच्या बाजूलाच काढलं, तरी लोक म्हणले म्हशीमागं गेला. मी व्हय म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. तुझी आई छाती बडवून म्हणत व्हती, मीच धाडलं, मीच धाडलं. मी तिथंच उभा व्हतो.

दुसऱ्या दिशी आठला हापिसचा फोन. आकडा सांगा. दारात माणसं बसलेली. मी कालच्यातनं दोन सेंटीमीटर कमी करून सांगितलं. परवा बी तसंच. असे ऐंशी दिस. धरणावर गेलो न्हाई. रडू बी येत न्हवतं. भूक लागायची, झोप लागायची, आठ वाजले की दोन कमी करायचो. हापिसला आकडा लागायचा, पाणी न्हाई. गावं मोटारी लावून पाणी ओढत व्हती, जूनपतुर तळाला चिखल ऱ्हायला. १ जुलैला नवे साहेब आले, म्हणले चला धरण दाखवा. मंग जावंच लागलं. त्या दिशी खरं लिवलं. त्यांनी मागचं पान उलटून बघितलं न्हाई.

त्याच साली मला कायम केलं.

तात्या


पुणे,
४ ऑगस्ट २०२५

तात्या,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग राग यायची वाट बघत बसले, आला नाही. मेसमध्ये गेले, जेवले, ताट घासून ठेवलं. खोलीवरच्या मनिषानं विचारलं, घरून काही आलं का? मी म्हटलं, हो, आकडे आले.

आधी कामाचं. तीन मीटर काढून टाकले. तळटीप काढली. १२ एप्रिल ते ३० जून हे ऐंशी दिवस कोरे ठेवले. सर म्हणाले, शेजारच्या धरणांवरून अंदाज बसव, सगळे तेच करतात, कुणाला कळत नाही. मी म्हटलं, नको सर, तिथं कुणी बघितलेलं नाही, तर तसंच लिहू. ते बरेच वैतागले. दुष्काळाचं प्रकरण गेलं, शिफारस गेली, २० तारखेच्या बैठकीत मी नाही. प्रबंध सहा महिने तरी पुढं गेला. जाऊ दे.

११ एप्रिलची ओळ मात्र ठेवली. सकाळी आठ, ५६१.३५ मीटर. शेवटच्या रकान्यात वाचन घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथं लिहिलं, उत्तरेश्वर बंकट डोईफोडे. त्या उन्हाळ्यातलं ते शेवटचं खरं वाचन आहे.

आता आईचं. नऊ वर्षं तिला वाटतंय की तिनं धाडलं. तुम्ही शेजारी उभे राहून ऐकलंत आणि गप्प बसलात. नोकरीची भीती मला समजते. कायम झाल्यावर गप्प का बसलात ते समजत नाही.

मी तिला सांगू शकते. पण मग तो तुमच्याकडून मला आणि माझ्याकडून तिला, असा फिरून आलेला आकडा होईल. तिनं विचारलं, तुला कसं ठाऊक, तर मी पत्र दाखवणार का? ज्यानं फोन घेतला त्यानंच सांगायला हवं. पंधरा तारखेच्या आत जा. चिठ्ठी पाठवू नका, प्रविणदादाला पुढं करू नका.

तुम्हाला माफ केलं का, ते मला माहीत नाही. खोटं कशाला लिहू.

धनश्री


नेकनूर,
१४ ऑगस्ट २०२५
भुरभुर पाऊस.

धनू,

काल सकाळच्या गाडीनं केळझरीला जाऊन आलो.

तुझी आई ओसरीवर ज्वारी पाखडत बसली व्हती. मला बघून पदर पुढं ओढला, तोंड फिरवून बसली. थोरल्या दिरासमोर ती तशीच बसत आलीय, लगीन झाल्यापासनं. भिंतीकडं बघून बोलायची, मी अंगणाकडं बघून ऐकायचो. मी सुपाकडं बघत सगळं सांगितलं. लग्न, फोन, पट्टी, दगड. तू धाडलं न्हाईस सुरेखा, मी धाडलं, असं म्हणलं. मधी थांबलो न्हाई, थांबलो असतो तर पुढं बोलणं झालं नसतं.

ती भिंतीकडं बघून कायतरी म्हणली. मला ऐकू आलं न्हाई. काय म्हणलीस, म्हणलं. तिनं परत म्हणलं. परत न्हाई आलं. मंग तिनं सूप खाली ठिवलं, पदर मागं टाकला आन् सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं. तिच्या व्हटांवरनं मला कळलं.

"आठला फोन आलता म्हणता. आठला जिते व्हते मंग."

"व्हय."

"काय बोलले? निस्ता आकडाच सांगितला का?"

धनू, हे तुला बी लिवलं न्हवतं. सगळं लिवलं आन् हे एक हातातनं सुटलं न्हाई. आकडा सांगून झाल्यावर तो म्हणला व्हता, "तात्या, सुरेखाला तेवढं कळव. म्हशी धुऊन यायला उशीर व्हईल. भाकर खाऊन घे म्हणावं, माझी वाट बघू नको." मी बरं म्हणलं. आधी हापिसला फोन लावला. मंग मांडवात कुणीतरी हाक मारली. ऱ्हाऊन गेलं. दहा वाजल्यानंतर ते सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाई.

हे सगळं तिला सांगितलं.

ती म्हणली, "परत सांगा."

मी परत सांगितलं. उत्तरेश्वर म्हणला व्हता तसंच, एक शबुद न बदलता.

मंग म्हणली, "मी भाकरी झाकून बसलते त्या दिशी." थोड्या येळानं म्हणली, "तात्या, हा निरोप माझा व्हता. नऊ वर्षं तुमी ठिवून घेतला."

मी हात जोडले. तिनं हातांकडं बघितलं न्हाई.

ती उठून आत गेली. चुलीपुढं बसली, पीठ मळलं, दोन भाकरी टाकल्या. मीठ-तेल घेऊन बाहेर आली आन् माझ्या समोर उंबऱ्यावर बसून खायला लागली. मला बस म्हणली न्हाई, जा बी म्हणली न्हाई. डोळ्यांतनं पाणी येत व्हतं, ती पुसत न्हवती, खात व्हती. एक भाकर संपली, दुसरी घेतली. तिचं खाऊन हुईपतुर मी उभाच व्हतो.

परमेश्वर